मामांनी दाखवलेलं भेडस

वनस्पतीचं वर्णन कसं लिहावं, हे मला कॉलेजातल्या मामांनी शिकवलं. वर्गात शिकवणारे प्राध्यापक वेगळे आणि त्यांचं ऋणही मी मानते. पण आज एखाद्या झुडपाचं चार ओळींचं वर्णन लिहायला बसले, की त्यातला प्रत्येक शब्द मामांना चालेल का, हाच प्रश्न आधी मनात येतो. मामा आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. कॉलेजातल्या सगळ्या परिचरांना मुलं मामा म्हणतात, तसे तेही मामा. शिक्षण जुनी सातवी. गाव सावंतवाडीच्या दक्षिणेला, गोव्याच्या हद्दीकडे झुकलेलं. त्यांचं नाव मला अर्थातच ठाऊक आहे. ते या लेखात का नाही, ते पुढे सांगते.

मी साताऱ्याकडची. वडिलांची बदली झाली म्हणून कोकणातल्या कॉलेजात आले. बाभूळ, बोर, करंज एवढीच माझी झाडांची ओळख होती. इथल्या देवराईत पाहावं तर सगळंच हिरवं, सगळंच चकचकीत आणि चामड्यासारख्या जाड पानांचं. सहलीला गेलं की सर पुढे नावं सांगत जायचे, आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. मामा मागे असायचे, खांद्यावर लाकडी प्रेस आणि हातात कोयती. एकदा राईच्या कडेला, व्हाळाच्या वर, त्यांनी मला थांबवलं. दोन फांद्या तोडून माझ्या दोन हातांत दिल्या.

"बाय, ह्यो दोन येगळ्यो की एकच?"

दोन्हींची पानं समोरासमोर, साधी, अखंड कडेची, वरून तुकतुकीत. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "तोंडान सांगू नको. पान उजेडाक धर."

उजव्या हातातलं पान मी आभाळाकडे धरलं. पानभर बारीक ठिपके होते, सुईच्या अग्राने टोचल्यासारखे, आणि त्यांतून प्रकाश आरपार येत होता. मध्यशिरेपासून निघालेल्या बारीक शिरा दाटीने, जवळजवळ समांतर, कडेकडे गेल्या होत्या. कडेला पोचण्याआधीच त्या एका बारीक शिरेला मिळाल्या होत्या आणि ती शीर कडेच्या आतून पानभर फिरली होती. पानाचं टोक लांब निमुळतं होतं. डाव्या हातातल्या पानात यातलं काहीच नव्हतं. ठिपके नाहीत, आडव्या शिराही धड दिसत नाहीत. मग मामांनी दोन्ही पानं चुरगळायला लावली. उजव्याला वास होता, जांभळाच्या पानाच्या जवळपासचा, थोडा तिखट. डाव्याला कसलाच वास नव्हता.

उजवीकडचं भेडस, डावीकडची अंजनी.

"ठिपके तर लिंबाच्या पानातसुद्धा असतात," मी म्हटलं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामांना ते आवडलं. त्यांनी विचारलं, "लिंबाची पाना समोरासमोर असतत?" नसतात, एकाआड एक असतात. म्हणजे ठिपके आणि समोरासमोरची पानं अशा दोन खुणा एकत्र आल्या, की जांभळाच्या घरात शिरायचं. त्यांनी हे 'घर' म्हटलं. मराठी विश्वकोशात त्याला जंबुल कुल म्हणतात आणि शास्त्रात मिर्टेसी. आंत्वान लोराँ द ज्यूस्यू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये मांडलेलं हे कुल. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी, बॉटलब्रश ही सगळी याच घरातली. जगभरात त्याच्या साडेपाच हजारांहून जास्त जाती आहेत. अंजनी शेजारच्या घरातली, मेलॅस्टोमेटेसी कुलातली. दोन्ही कुलं एकाच गणात येतात, त्यामुळे चेहरेपट्टीत साम्य असणारच. चैत्राच्या सुमारास अंजनीच्या फांदीवर निळ्या फुलांचे झुबके आले, की कुणीही ती ओळखील. बिनफुलाची फांदी हातात असेल तेव्हाच खरी परीक्षा.

कुल कसं ठरवायचं, हे मी त्या दिवशी शिकले. एक खूण कधीच पुरत नाही. दोन-तीन खुणा एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा काही म्हणता येतं. विद्यापीठाच्या पुस्तकात हेच लिहिलेलं होतं आणि मी ते पाठही केलं होतं. पण मामांनी ते दोन फांद्यांवर दाखवलं, आणि त्यानंतर आजवर मी कुठलंही पान उजेडाला न धरता खाली टाकलेलं नाही.

भेडसाचं शास्त्रीय नाव सिझिजियम झेलॅनिकम. पश्चिम घाट, श्रीलंका आणि पुढे आग्नेय आशियापर्यंत ते पसरलेलं आहे. आपल्याकडे ते झुडूप म्हणून वाढतं. मोकळी जागा आणि पाणी मिळालं तर लहान झाड होतं. साल तांबूस तपकिरी, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. कोवळी पालवी गुलाबी-तांबूस, आणि ती आली की हिरव्या राईत ते झुडूप दुरूनही वेगळं दिसतं. पानं साधारण पाच ते नऊ सेंटिमीटर. फुलं पांढरी, बारीक, फांदीच्या टोकाला आणि वरच्या पानांच्या बगलेत झुबक्यांनी येतात. पाकळ्या इवल्याशा आणि लवकर गळणाऱ्या. डोळ्यांत भरतात ते पुंकेसर, असंख्य आणि पाकळ्यांच्या पुढे आलेले. बीजांडकोश खाली, निदलपुंजाच्या पेल्यात बुडालेला. म्हणूनच फळ धरलं की त्याच्या डोक्यावर निदलपुंजाचा मुकुट शिल्लक राहतो. तोच मुकुट आपण पेरूवर पाहतो.

आणि फळ पांढरं. जांभळाच्या नात्यातलं म्हटल्यावर काळंजांभळं फळ डोळ्यांसमोर येतं. भेडस मात्र वैशाखात पांढऱ्याशुभ्र, मोत्यासारख्या गोल फळांनी भरून जातं. फळ सेंटिमीटरच्या आतबाहेर, आत बहुधा एकच बी, गर थोडा, गोडसर आणि किंचित सुगंधी. पोरं खातात, बुलबुल खातात. मामा खिशातून मूठभर काढून आम्हा मुलींना द्यायचे आणि बिया परत मागून घ्यायचे. त्या बिया कुठे जायच्या, ते मी पुढे त्यांच्या परसात पाहिलं. विहिरीच्या ओलीला भेडसाची रोपं रांगेत उभी होती.

नमुना तयार करायचं काम सगळं मामांचं. हर्बेरियम शीट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. वाळवून चपटी केलेली फांदी जाड कागदावर डकवायची, उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लावायचं. कुल, नाव, ठिकाण, तारीख, अधिवास, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. नीट ठेवलं तर हे शतकानुशतकं टिकतं. पण कोकणातल्या पावसात ते टिकवणं म्हणजे काय, ते मामांकडून समजून घ्यावं. प्रेसमधले वर्तमानपत्राचे कागद रोज बदलायचे. ओले कागद वाळवायचे कुठे, तर मामांच्या घरी, चुलीवरच्या माचीवर. म्हणजे रात्री स्वयंपाक आटोपल्यावर मामी ते कागद उलटेपालटे करायच्या. त्या कॉलेजच्या कुठल्याही हजेरीपटावर नव्हत्या. माझ्या पदव्युत्तर प्रबंधातले पावसाळी नमुने काळे पडले नाहीत, बुरसले नाहीत, याचं श्रेय त्या चुलीला आणि ती पेटती ठेवणाऱ्या बाईला आहे.

वाळलेली फांदी किडीपासून वाचावी म्हणून तेव्हा मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. जालीम विष. त्या टेबलापाशी मामा आम्हाला फिरकू देत नसत. रबरी हातमोजे घालून, खिडक्या उघड्या टाकून, ते एकटे काम करायचे. मग फांदी शीटवर मांडताना एखादं पान मुद्दाम उलटं ठेवायचे, पाठीवरच्या शिरा दिसाव्यात म्हणून. भेडसासारख्या टणक फांदीला नुसता डिंक पुरत नाही. पेराजवळ सुईदोऱ्याने टाका घालायचा आणि गाठ कागदाच्या मागे घ्यायची. गळलेले पुंकेसर, सुटलेली फळं कागदाच्या पुडीत घालून पुडी त्याच शीटवर चिकटवायची. "गळला म्हणान टाकूचा नाय. ताच उद्या कामाक येता." मी पुढे मोठ्या संस्थांतली हर्बेरियम पाहिली, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळात दिवसच्या दिवस बसले, मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये काम केलं. मामांच्या टाक्यांइतके नेटके टाके मला क्वचितच दिसले.

वर्णन लिहिण्याचा त्यांचा नियम मात्र यांहून मोठा होता. मी शेतवहीत काहीतरी लिहीत होते आणि ते वाकून पाहत होते. झाडाचा उपयोग, फळाचा हंगाम, सालीचा औषधी गुण, असं सगळं मी एका दमात लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, यातलं तू काय पाहिलंस? मग म्हणाले, "बघलंस तां लिव. आयकलंस तां येगळा लिव, आणि कोणाकडसून आयकलंस ताव लिव."

माझ्या शेतवहीला तेव्हापासून दोन रकाने आहेत. डावीकडे पाहिलेलं. उजवीकडे ऐकलेलं, सांगणाऱ्याच्या नावासकट. माझ्या विद्यार्थ्यांनाही मी हेच करायला लावते.

वर्गीकरणाचा इतिहास वाचू लागले तेव्हा जाणवलं, की या शास्त्रातले मोठे निवाडे शेवटी याच नियमाने झाले आहेत. आपल्या भेडसाचंच पाहा. १७५३ मध्ये लिनियसने त्याला मिर्टस प्रजातीत घातलं, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या मर्टलच्या पंक्तीला. जांभळालाही त्याने तिथेच बसवलं होतं. लिनियस श्रीलंकेला कधीच आला नव्हता. तिथल्या वनस्पतींवरचा त्याचा १७४७ चा ग्रंथ पॉल हेरमान नावाच्या डॉक्टरने सत्तर वर्षांपूर्वी गोळा केलेल्या वाळक्या नमुन्यांवर उभा होता. पुढे १८२८ मध्ये दी कान्दोलने भेडस सिझिजियममध्ये हलवलं. मग रॉबर्ट वाइटने ते यूजेनियात नेलं. हूकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'त मिर्टेसीचा भाग डथीने लिहिला, तिथेही यूजेनियाच. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर १९०१ ते १९०८ या काळात जो ग्रंथ काढला, त्यातही भेडस यूजेनियाच होतं. आमच्या विभागात या ग्रंथाचं पुनर्मुद्रण होतं आणि भेडसाच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने 'सिझिजियम' लिहून ठेवलं होतं.

यूजेनिया आणि सिझिजियम एकच की दोन, हा वाद दीडशे वर्षं चालला. बाहेरून पाहून तो सुटत नव्हता. दोन्हींची पानं, फुलं, फळं फारच सारखी. १९७२ मध्ये रुडॉल्फ श्मिड या अमेरिकन शास्त्रज्ञाने फुलांचे पातळ छेद घेतले आणि बीजांडांना रस पुरवणाऱ्या वाहिन्या कुठून येतात ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. यूजेनियात त्या बीजांडकोशाच्या मधल्या पडद्यातून येतात, सिझिजियममध्ये मधल्या अक्षातून. शिवाय यूजेनियात अंगावर लव असते, सिझिजियममध्ये बहुधा नसतेच. पुढे डीएनएच्या अभ्यासानेही हे वेगळेपण पक्कं केलं. आज सिझिजियममध्ये बाराशेच्या आसपास जाती मोजतात. झाडांच्या प्रजातींमध्ये ती जगात सर्वांत मोठी ठरली आहे. सावंतवाडीजवळच्या व्हाळाकाठचं झुडूप एवढ्या गोतावळ्यातलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. मी मामांना श्मिडची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "मगे आधीच्यांनी कापून बघूक नाय?" पाहिलं असेलही, पण एवढ्या बारकाईने नव्हे.

आता नावाबद्दल. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मी मामांचं नाव लिहिलं होतं. त्यांना ते वाचून दाखवलं तर ते अवघडले. छापलेलं नाव त्यांना नको होतं. नंतर एका मासिकात लिहायचं ठरलं तेव्हाही त्यांनी हात जोडले. म्हणून इथेही नाव देत नाही. त्यांचा शब्द मला मोडायचा नाही. मला मात्र हे लागून राहिलं. या शास्त्रात नावं कशी गळतात, ते मी पाहिलं आहे. १८४७ ते १८५० या काळात पुण्याजवळ दापोडीच्या बागेत अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली झाडांची अप्रतिम रंगीत चित्रं काढली गेली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता, एवढंच कळतं. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. पानाच्या पाठीवरची लव दाखवायला ज्याने दिवसचे दिवस घालवले असतील, त्याला आपण कोणत्या नावाने हाक मारायची? याउलट मद्रासकडे वाइटसाठी रंगय्या आणि गोविंदू हे चित्रकार काम करत. वाइटने त्यांची नावं चित्रांखाली छापली, आणि गोविंदूच्या नावाने तर ऑर्किडची एक प्रजातीच काढली, गोविंदूइया. पुढे ती दुसऱ्या प्रजातीत विलीन झाली, पण नाव दप्तरात राहिलंच.

त्याहून जुना दाखला आपल्या जास्त जवळचा आहे. 'हॉर्टस मलबारिकस' हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यांनी काढला. पहिला खंड १६७८ चा. त्यात इट्टी अच्युतन या वैद्यांची साक्ष छापलेली आहे, आणि रंगभट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी वैद्यांचीही. या तिघांची साक्ष कोंकणीत आहे, नागरी लिपीत. आम्ही जे सांगितलं ते आमच्या माहितीतलं आहे, असा तिचा भाव. पुढे लिनियसने ज्या ग्रंथावर भिस्त ठेवली, त्याच्या तोंडाशी ही कोंकणी माणसं आपापल्या नावानिशी उभी आहेत.

हे पान मी मामांना दाखवलं, छायाप्रत काढून. नागरी अक्षरं लावून वाचायला त्यांना वेळ लागला. वाचून झाल्यावर ते पुष्कळ वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे वेगळं. इथे यांनी नाव मिरवायला दिलेलं नाही, साक्षीला दिलंय. साक्षीला नाव लागतंच.

तेव्हा मार्ग सापडला. लेखात नाव नको, पण लेबलावर चालेल. लेबल म्हणजे साक्ष: ही फांदी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसांनी पाहिली आणि तोडली. त्यानंतर आम्ही मिळून जे नमुने गोळा केले, त्यांच्या लेबलांवर गोळा करणाऱ्यांत माझ्या नावाच्या आधी त्यांचं नाव आहे. ऐकीव माहितीच्या ओळीत जिथे त्यांनी सांगितलेलं आहे, तिथे 'सांगणार' म्हणूनही त्यांचंच नाव आहे. ज्या कुणाला ते वाचायचं असेल, त्याने जंबुल कुलाचं कपाट उघडावं.

मामा निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेडसाचं एक नवं शीट दाखवायला नेलं. त्यांच्याच परसाच्या खालच्या अंगाला, व्हाळावर, आम्ही दोघांनी तोडलेली फांदी. टाके माझे होते. त्यांनी चष्मा लावून आधी शीटची मागची बाजू पाहिली, गाठी तपासल्या, काही बोलले नाहीत. मग लेबल वाचायला लागले. 'झुडूप, उंची तीन मीटर' इथे त्यांचं बोट थांबलं.

"उंची कोणी मोजल्यान?"

"मीच. काठी लावून. तुम्ही मामींशी बोलत होतात तेव्हा."

"मगे बरा." बोट पुढे सरकलं. ठिकाणापाशी पुन्हा थांबलं. मी वाडीचं नाव आणि 'ओढ्याकाठी' एवढंच लिहिलं होतं. "व्हाळाक दोन काठ आसत," ते म्हणाले. मी पेन काढलं आणि त्यांच्या देखत लिहिलं: डावा काठ, साकवाच्या वरच्या अंगाला.